काँटेसाला एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफ्रन्शियल) बसवायचंय, सातारा-सांगलीकडं कुणी केलंय का?

काँटेसा_एमएच११

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

गाडी काँटेसा क्लासिक, १९९४ ची, १.८ इसुझू पेट्रोल. वडलांनी नवी घेतलेली, घरातनं कधी बाहेर गेली नाय. गेल्या वर्षी इंजिन पूर्ण केलं, आता ओढायला एक नंबर झालीय आणि तिथंच गोची झालीय. पावसात यवतेश्वरच्या घाटात उजव्या वळणाला सेकंड टाकून जरा रेस दिली की मागचं उजवं चाक जागेवर फिरतंय, टायर ओरडतंय आणि गाडी तिथल्या तिथं. तरी घाटाचं एकवेळ चालवून घेईन, पण आमचं गाव बामणोलीच्या बाजूला आणि घराकडं जाणारा शेवटचा चढ कच्चा, तांबड्या मातीचा, लई तर दीड-दोनशे फूट. गेल्या जुलैत त्या चढावर उजव्या चाकानं फिरून फिरून घमेलंभर खड्डा पाडला आणि डावं चाक ढिम्म हललं नाय. म्हणजे अक्षरशः डाव्या टायरच्या खाचेत अडकलेलं गवत शेवटपर्यंत तसंच होतं, मी उतरून बघितलं. शेवटी शेजारच्या आबांनी ट्रॅक्टर आणून ओढली, आणि आता गावात कुणीपण भेटलं की पहिला प्रश्न, काय रं, गाडी आणलीस का ट्रॅक्टर.

तर एलएसडी बसवावं असं डोक्यात आहे. नेटवर वाचलं पण सगळं परदेशातल्या गाड्यांचं. काँटेसाच्या एक्सलला रेडीमेड काही मिळतं का? दुसऱ्या गाडीचं बसतं का? आमचा मिस्त्री म्हणतोय एवढं कशाला, डिफ्रन्शियलच्या आतल्या स्टार गिअरला वेल्डिंग मारून देतो, दोन्ही चाकं एकत्र फिरतील, दीड हजारात काम. ते करावं का? गाडी मी पण चालवतो आणि वडीलपण, त्यांचं वय ७१.

थारवाला_कराड

भावा आधी त्या आबांचा सत्कार कर.

माझी थार २०१६ ची, तिला मागं ईटनचं ऑटो लॉकिंग डिफ्रन्शियल कंपनीनंच दिलंय. दोन चाकांच्या फिरण्यात साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की खटदिशी लॉक होतंय आणि स्पीड वाढला की आपोआप सुटतंय. चिखलात नाद खुळा. थारचा मागचा अख्खा एक्सलच घालून टाक की काँटेसाला, स्क्रॅपमध्ये मिळतील.

मिरजेचा_लेथवाला

थारवाले, एक्सल घालून टाक म्हणायला सोपं आहे. रुंदी वेगळी, पट्ट्याची माउंटिंग वेगळी, ब्रेक वेगळे, रेशो वेगळा, वजन तर विचारूच नका, आणि एवढं जड धूड खाली लोंबकळलं की काँटेसाची ती गादीसारखी चाल संपली. जीपगाडीचं जीपला ठेवा.

काँटेसावाले, तुमच्या प्रश्नाला जरा सविस्तर लिहितो, आज लाईट गेलीय आणि मशीन बंद आहेत.

पहिलं म्हणजे हे नीट डोक्यात घ्या की साधं डिफ्रन्शियल, म्हणजे एक्सलच्या मधला इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणारा गिअरचा गोळा, दोन्ही चाकांना कायम सारखाच जोर देतं. लोक म्हणतात सगळी ताकद फिरणाऱ्या चाकाला जाते, तसं नाही. फेऱ्या त्याला जातात, जोर सारखाच. बैलगाडीचं जू आठवा. जू मधोमध बांधलेलं असतं, दोन्ही बैलांनी सारखं ओढलं तरच सरळ राहतं. एक बैल ढिला पडला की जू तिरकं होतं आणि दुसरा कितीही तगडा असला तरी त्याच्या अंगातला जोर गाडीला लागतच नाही. तुमच्या चढावर उजवं चाक चिखलात समजा २० किलोचाच जोर धरू शकतंय, तर डाव्यालापण २० च मिळणार, मग ते कोरड्या दगडावर का असेना. एकूण झाले ४०, गाडी चढायला लागतात समजा ६०, म्हणून तुमचं गवत तसंच राहिलं.

आता एलएसडीत मुख्य दोन प्रकार. एक प्लेटांचं, क्लचसारख्या प्लेटा दाबून बसवलेल्या असतात. दुसरं गिअरचं, ज्याला टॉर्सन किंवा हेलिकल म्हणतात, त्यात झिजणाऱ्या प्लेटा नसतात, आवाज नाही, तेलात काही मिसळायला लागत नाही, रोजच्या गाडीला सगळ्यात सभ्य. ते कमजोर चाकाच्या दुप्पट-तिप्पट जोर दुसऱ्या चाकाला देतं. म्हणजे उजवीकडं २० तर डावीकडं ५०-६०, गाडी चढली. पण त्यात एक मेख आहे. चाक हवेत उचललं गेलं की तिथला जोर शून्य, आणि शून्याची तिप्पट शून्यच. प्लेटांच्या प्रकाराला आधीपासून दाब दिलेला असतो म्हणून एक चाक हवेत असलं तरी तेवढा जोर दुसऱ्याला पोचतोच. तुमचं चाक चिखलात फिरतंय का खड्ड्यावर उचललं जातंय ते बघितल्याशिवाय कुठलं घ्यायचं ते सांगता येणार नाही.

रेडीमेडचं विचारलंत तर काँटेसाच्या नावानं डब्यात मिळणारं माझ्या तरी बघण्यात नाही. दुसऱ्याचं बसवायचं तर तीन मापं जुळायला लागतात: क्राऊन (डिफ्रन्शियलचा मोठा दातेरी गिअर) जिथं बोल्ट होतो त्याचा व्यास आणि भोकं, साईड बेअरिंगची बैठक, आणि एक्सलच्या टोकाचे स्प्लाइन, म्हणजे उभ्या खाचा. पहिली दोन लेथवर जुळवता येतात, रिंग टाकून, बैठक घासून. स्प्लाइन नाही जुळले तर नवे एक्सल करायला लागतात आणि इथंच लोक पैसे वाचवायला जातात. माझ्याकडं एकजण दुसरीकडनं ईएन-८ ह्या साध्या पोलादात बनवलेला एक्सल घेऊन आला होता, दोन महिन्यांत दोरीसारखा पिळला होता, स्प्लाइन सरळ असायच्या त्या जिन्यासारख्या गोल फिरलेल्या. ईएन-२४ हे जास्त मजबूत पोलाद घ्यायचं, नीट हार्डनिंग करून घ्यायचं, आणि त्याचं बिल बघून घाबरायचं नाही.

आता माझा उलटा प्रश्न. दर वेळी उजवंच चाक फिरतं का? डाव्या वळणाला काय होतं? टायर किती जुने? शॉकअप कधी बदललेत?

काँटेसा_एमएच११

दादा लई भारी सांगितलंत, बैलाचं उदाहरण वडलांना वाचून दाखवलं, ते म्हणाले ह्या माणसाकडंच गाडी न्यायची.

हो, दर वेळी उजवंच. डाव्या वळणाला एवढं होत नाय, क्वचित. टायरला खाचा चांगल्या आहेत, गाडी वर्षाला दोन-तीन हजारच फिरते. शॉकअप… इंजिन केलं तेव्हा सगळं बजेट तिथंच गेलं.

मिरजेचा_लेथवाला

वाटलंच. अखंड एक्सलच्या गाडीत उजवं चाक आधी फिरतं ह्याला कारण आहे. इंजिन, गाडीच्या पुढं उभं राहून बघितलं तर, घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं, तोच पीळ प्रॉपेलर शाफ्टमधनं मागच्या एक्सलच्या अख्ख्या हौसिंगला (कवचाला) बसतो आणि उजवं चाक वर उचलायला बघतो. त्यात उजवं वळण म्हटलं की वजन डावीकडं जातं, उजवं आणखी हलकं होतं. म्हणजे तुमचं चाक दोन्हीकडनं मार खातंय, आणि शॉकअप गेलेला असेल तर ते थयथय नाचतं, मग कुठली पकड.

आणि टायरला खाचा आहेत ह्यावर जाऊ नका. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात ते बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. कमी फिरणाऱ्या गाडीचा टायर दिसायला नवा आणि रबर मात्र लाकूड झालेलं असतं. नखानं दाबून बघा.

उद्यमनगर_पॅडमिनी

वेल्डिंगवर कुणीच बोललं नाय अजून म्हणून लिहितो. मर्दा, करू नकोस.

मी केलंय. पॅडमिनी होती, ऑटोक्रॉसला, मातीतल्या शर्यतीला, म्हणून केलं, मातीत लई मजा आली, खोटं कशाला बोलू. पण डांबरावर वळवली की दोन्ही चाकांना सारख्याच फेऱ्या मारायला लागतात, बाहेरच्याला जास्त रस्ता, आतल्याला कमी, मग आतलं टायर खर्रर्र करत घासत जातं. पार्किंगमधनं काढताना लोकं वळून बघायची की गाडी मोडली का काय. स्टेअरिंग वळवलं तरी गाडी सरळच जायला बघते. एका सिझनला एक एक्सल गेला. आणि खरी भीती वेगळीच आहे, ते गिअर हार्डन केलेले असतात, त्याच्यावर वेल्ड धरल्यासारखा दिसतो पण आतनं तडा जातो, तुकडा उडाला आणि क्राऊन आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर, पिनियन, ह्यांच्या मधी गेला तर चालत्या गाडीची मागची चाकं जाम. हे घाटात झालं तर? ७१ वर्षाचे वडील चालवणार म्हणतोयस आणि दीड हजारात काम म्हणतोयस.

मिस्त्रीला सांग, चहा घे.

विट्याचा_पुण्यात

मी एलएसडीची गाडी वापरलेला आहे म्हणून दोन शब्द, काँटेसा नाही पण बाज तोच. मित्राची बाहेरनं आणलेली जुनी बीएमडब्ल्यू थ्री सिरीज, ई-३०. तिच्या डिफ्रन्शियलवर एक छोटी पट्टी असते, त्यावर रेशोच्या आकड्याच्या आधी एस लिहिलेलं असलं की समजायचं आत २५ टक्के लॉक होणारं प्लेटांचं एलएसडी आहे. आम्ही प्लेटा बदलून घेतल्या त्याचा अनुभव सांगतो.

तेल सगळ्यात महत्त्वाचं. डब्यावर जीएल-५ हा गिअर ऑइलचा दर्जा असून भागत नाही, एलएसडीसाठी चालतं असं लिहिलेलं पाहिजे, नाहीतर फ्रिक्शन मॉडिफायरची बाटली वेगळी टाकायला लागते. आम्ही पहिल्यांदा साधं टाकलं तर सोसायटीच्या गेटमधनं वळताना मागनं कट-कट-कट-कट, जसं काही कुणी डिकीत सुपारी फोडतंय. तेल बदललं, बंद. आणि हेच तेल उरलं म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतू नका, तिथं मॅन्युअलमध्ये जे सांगितलंय तेच.

नवीन प्लेटा बसवल्या की मोकळ्या मैदानात हळूहळू आठ आकड्यासारख्या फेऱ्या मारायच्या पंधरा-वीस मिनिटं, म्हणजे प्लेटा बसतात, मग ते तेल काढून नवं टाकायचं. आठ म्हणजे इंग्रजी आठ. मराठी ८ काढलात तर सरळ झाडावर जाल.

मागचे दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, सारखेच झिजलेले पाहिजेत. एक लहान एक मोठा असला की सरळ रस्त्यावरपण प्लेटा सारख्या घासत राहतात आणि पैसे पाण्यात.

आता चालवण्याचं, हे नीट वाचा कारण पावसाळा आणि घाट तुमच्या नशिबात आहे. आत्ता तुमचं आतलं चाक एकटं फिरतं, आवाज होतो, लाज वाटते, पण दुसरं चाक न फिरता रस्ता धरून असतं म्हणून गाडीचं ढुंगण जागेवर राहतं. एलएसडी लावलं आणि ओल्या वळणावर जास्त रेस दिली तर दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि मागची बाजू बाहेर निघते. तरण्या पोराला मजा आहे. वडलांना आधी मोकळ्या जागेत दाखवून ठेवा, की गाडी अशी वागते आता.

आणि एक, हे सगळ्या गॅरेजवाल्यांना सांगून ठेवायला लागतं. एलएसडीवाली गाडी एक चाक जॅकवर उचलून गिअरमध्ये टाकायची नाही, कधीच नाही. साध्या गाडीत उचललेलं चाक हवेत फिरत बसतं. ह्यात जमिनीवरचं चाक ढकलतं आणि गाडी जॅकवरनं खाली. आमच्या इथं पोरगं खाली होतं, नशीब बाजूला सरकलेलं. फिटनेसला ब्रेक टेस्टच्या रोलरवर घ्यायच्या आधीपण तिथल्या माणसाला सांगा.

गाडीचा_दलाल

आरटीओचं काय? पासिंगला अडवत नाहीत का

विट्याचा_पुण्यात

आरसीवर डिफ्रन्शियलची नोंदच नसते हो. इंजिन, चासी, रंग, सीटा असलं बदललं की भानगड. पण इन्शुरन्सवाल्याला लेखी कळवलेलं बरं, उद्या क्लेमच्या वेळी त्याला निमित्त नको.

अंबॅसिडर_काका

मी नवीन तंत्रज्ञानातला माणूस नव्हे. सतरा वर्षं सातारा-महाबळेश्वर टॅक्सी मारली, अंबॅसिडर, मागनं चालणारी, एलएसडी हा शब्द आज पहिल्यांदा वाचला. पसरणीच्या घाटात जुलै-ऑगस्टमध्ये धुक्यात पुढची गाडी दिसायची नाही पण आम्ही थांबलो नाही.

एक तर पावसाळ्यात डिकीत दोन पोती वाळू. रिकाम्या गाडीला मागं वजनच नसतं, चाक धरणार कशानं. पोती डिकीत आडवी, अगदी एक्सलच्या वर येतील अशी, नाहीतर पुढचं तोंड हलकं होतं.

दुसरं, चाक फिरायला लागलं की रेस वाढवायची नाही. हँडब्रेकचं बटण दाबून धरायचं आणि दांडा दोन-तीन दातं वर घ्यायचा, हळू, आणि रेस तेवढीच ठेवायची. फिरणारं चाक ब्रेकनं आवळलं की दुसऱ्या चाकाला जोर मिळतो आणि गाडी सरकते. सरकली की लगेच सोडायचा. बटण दाबूनच धरायचं हे विसरू नका, नाहीतर वर गेल्यावर ब्रेक लागलेलाच राहतो आणि जळका वास आल्यावर कळतं. आम्हाला का चालतं ते माहीत नव्हतं, ह्या लेथवाल्यांनी बैलाचं सांगितलं तेव्हा आज समजलं. ढिल्या बैलाला कासरा लावायचा म्हणजे जू सरळ.

मिरजेचा_लेथवाला

काका, दंडवत. हेच आजकालच्या गाड्यांत काँप्युटर करतो, फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो. फक्त दोन्ही ड्रम सारखे ॲडजस्ट पाहिजेत आणि केबल मोकळी पाहिजे.

काँटेसावाले, तुम्ही एक करा. हौसिंग एकदा उघडा. काहींना मागं कव्हर असतं, काहींचा डिफ्रन्शियलचा गोळा पुढनं निघतो, तुमचं काय ते मिस्त्रीला कळेल. तेल कसं निघतं बघा. माझ्याकडं २०१९ च्या महापुरानंतर सांगलीतल्या कितीतरी गाड्या आल्या, इंजिन सगळ्यांनी केलेलं, डिफ्रन्शियल कुणी उघडलंच नाही. ब्रीदरमधनं (हौसिंगच्या हवेच्या भोकातनं) पाणी आत गेलेलं, वर्षभरानं गुणगुणायला लागलं म्हणून उघडलं तर आत दुधाचा चहा. गिअरवर तांबूस खड्डे पडलेले. तुमची पुरातली नाही, पण ३० वर्षांत किती वेळा तेल बदललंय ते विचारा वडलांना.

डायल गेज लावून क्राऊनचा बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी हालचाल, मोजा. अशा मापाच्या एक्सलला साधारण ०.१० ते ०.२० मिलिमीटरच्या आत असतो, तुमच्या मॅन्युअलमध्ये काय दिलंय ते खरं. क्राऊनच्या दातांना मार्किंगचा रंग लावून फिरवा, ठसा दाताच्या मधोमध पाहिजे, टोकाला गेला तर शिम (पातळ चकत्या) बदलायला लागणार. हे सगळं एलएसडी घालताना करायलाच लागतं, नुसतं जुनं काढून नवं कोंबायचं नसतं. नाहीतर ऐंशीच्या पुढं असं रडतं की टेपचा आवाज ऐकू येत नाही. आणि क्राऊन नव्या केसवर चढवताना हातोड्यानं ठोकायचा नाही, गॅसची फ्लेमपण मारायची नाही. गरम तेलात ८०-१०० डिग्रीपर्यंत तापवायचा, आपोआप बसतो.

बाहेरनं मागवलं तर किंमत, ड्युटी, एक्सल, बेअरिंग, मजुरी धरून लाखाच्या पुढं तयारी ठेवा. म्हणून म्हणतो आधी टायर आणि शॉकअप.

थारवाला_कराड

लाखात माझ्या थारचा पावसाळा निघतो की. भावा गावाला जाताना फोन कर, मी येतो ट्रॅक्टरच्या ऐवजी.

काँटेसा_एमएच११

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला, घरात लग्न होतं.

टायरचे आकडे बघितले. डावा २३१५, उजवा ४११२. म्हणजे दोन वेगवेगळ्या साली घेतलेले, कंपनीपण वेगळी, आणि उजवा तेरा वर्षाचा! नख दाबलं तर नख वाकलं. वडलांना विचारलं तर म्हणाले स्टेपनी नवीच होती म्हणून टाकली. उजव्या शॉकअपवर तेलाचा ओघळ, वर माती बसून काळा थर झालेला, हातानं दाबला तर सायकलच्या पंपासारखा खाली गेला आणि वर आलाच नाय.

हौसिंग उघडलं. तेल काळं, आत चांदीची भुकटी टाकल्यासारखं चमकत होतं, बॅकलॅश ०.३५ निघाला. मिस्त्री पहिले म्हणत होता चालतंय, मग पिनियन हातानं हलवून दाखवली तेव्हा गप्प झाला. तर पिनियनचं आणि साईडचं बेअरिंग बदलायचं ठरलं. लेथवाले दादा, पुढच्या रविवारी गोळा घेऊन मिरजेला येतोय, उघडलंच आहे तर स्प्लाइन आणि क्राऊनच्या भोकांची मापं घेऊन ठेवा, एलएसडीचं दिवाळीनंतर बघू. घेतलं तर गिअरचंच घेईन. चाक उचललं जात नव्हतं, चिखलातच फिरत होतं, खड्ड्याचे फोटो परत बघितले.

टायर चारही नवीन टाकले, मागं शॉकअप नवीन. हौसिंग उघडायच्या आधी एकदा गावाला जाऊन आलो, आदल्या रात्री पाऊस झालेला. चढावर मधे एकदा उजवं फिरलं, काकांनी सांगितलं तसं बटण दाबून दांडा दोन दातं ओढला, गाडी जरा डावीकडं सरकली आणि गेली वर. आबा ट्रॅक्टर चालू करून गोठ्याजवळ उभेच होते, त्यांचा हिरमोड झाला.

वाळूची पोती मात्र वडील टाकू देत नायत, डिकीचं कार्पेट खराब होतंय म्हणून.

जुने चार टायर घरी पडलेत, झाडाला झोपाळा करायला कुणाला पाहिजे असतील तर सांगा, गोडोलीतनं घेऊन जावा.